उपडी तीन पानं

गुजरीतल्या पेढीवर दिवसभर मी सोनं घासतो.
काळ्या दगडावर पिवळी रेघ,
रेघेवर तेजाबाचा थेंब,
आणि मग गप्प बसायचं.
खोटं असेल ते आपसूक हिरवं पडतं,
आपल्याला काही बोलावं लागत नाही.

बुधवारी रात्री माळ्यावर हीच विद्या.
फक्त दगड नाही,
समोर माणसाचं तोंड.

रीत नानांनी पहिल्याच रात्री सांगितली,
सतरंजीवर मांडी ठोकत:
बसल्या जागी पैसे मोजायचे न्हाईत.
दुसऱ्याच्या पानाकडं मान सोड, नजर बी लांबवायची न्हाई.
जिंकलास तर घरी जाऊन हस,
चहाच्या पोराला मात्र हितंच दे.
आणि पॅक केलेलं पान म्हंजे मेलेलं पान,
मेलेल्याच्या तोंडावरचं फडकं काढून बघत न्हाईत.

हुपरीचा बाळगोंडा ब्लाइंड खेळताना अखंड बोलतो,
पानं उचलली आणि जत्रेची गोष्ट मध्येच तुटली
की समजायचं, काहीतरी लागलंय.
फौंड्रीवाल्या इंगवल्यांचा गुडघा
सतरंजीच्या सुतातनं मला कळतो.
हाताला खोटं शिकवता येतं.
डोळ्यांना तर जन्मतःच येतं.
गुडघ्याकडं कुणी लक्ष दिलेलं नसतं.

राहिला रायगोंडा मगदूम.
गुळाचा अडत्या. शाहूपुरीत रव्याला सुरी खोचून
चिमूट जिभेवर ठेवणार
आणि भुवईचा केस हलू देणार नाही.
चार हिवाळे मी त्याचा कस शोधला.
सापडला तो सुपारीत:
खरं पान असलं की खांड गालात थांबते.
नसलं की चावतो, सावकाश,
जेवून ओसरीवर बसल्यासारखा.

त्या रात्री मधे सव्वातीन लाख.
माझ्याकडं इस्पिकचा कलर, वर एक्का.
बाकी सगळे पॅक.
मगदूम चावत होता.
सावकाश.
मी मनात म्हटलं, सापडलास.

त्यानं चाल सरकवली, आधीच्या दुप्पट,
आणि पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडं न बघता
माझ्या हाताकडं बघितलं.
मीही बघितलं.
माझा अंगठा
पानावर घासत होता,
दगडावर सोनं घासावं तसा,
चांगलं पान आल्यावर घासतो तसा,
आणि हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

म्हणजे माझं पान जड आहे हे कळूनही तो वाढवतोय.
म्हणजे त्याचं त्याहून जड.
किंवा मी असंच म्हणेन हे त्याला ठाऊक,
आणि ती सुपारी, चार हिवाळे चावलेली,
आजच्यासाठीच राखून ठेवलेली.

“पॅक.”

त्यानं पैसे ओढले नाहीत.
झोपलेलं पोर उचलावं तसे जवळ घेतले.
इलाहीनं कपबश्यांबरोबर पानं गोळा केली,
गोळा करताना त्याची तीन त्याला दिसली असणार.
चौदा वर्षांचं पोर, तोंडावर रेघ नाही.
माळ्यावरचा सगळ्यात पक्का गडी तोच होता.

घरी चपला काढल्याच्या आवाजावरनं
आतनं बायको म्हणाली, “किती?”

मगदूम जाऊन सहा वर्षं झाली.
खांदा मीही दिला.
वाटभर एकच गोष्ट डोक्यात,
आणि ती विचारायला आता कुणी नाही,
हे बरंच वाटलं.

इलाहीची आता गंगावेशीत टपरी आहे.
परवा चहा गाळता गाळता म्हणाला,
“मालक, त्या रात्रीची मगदूमांची पानं...
सांगू?”

उकळी वर आली होती. ती खाली बसेपर्यंत
मी थांबलो.
“साखर कमी टाक,” म्हटलं.

त्यानं मान हलवली,
कप पुढं सरकवला,
आणि मी दिलेले पैसे
न मोजता गल्ल्यात टाकले.