आठ बाय आठ

प्रिय ओलिव्हियेर,
तुमचं पाकीट मिळालं. व्रोत्स्वाफहून बितोमला यायला
नऊ दिवस लागले. टपाल अजून आमच्याच काळातलं आहे.
सोबतची चित्रं चष्मा पुसून दोनदा पाहिली.
खाणीच्या भिंती ओल्या दिसतात, हात लावावासा वाटतो.
कोळशाला चकाकी दिलीत, तीही खरी.
आणि माझ्या माणसाला दाढी.

दाढी!
आठ ठिपके रुंद, आठ ठिपके उंच, एवढाच तो होता.
चार दिव्यात गेले, बारा पायांत,
उरलेल्यांत पाठीचा बाक कसाबसा बसवला.
चेहऱ्याला जागाच नव्हती,
म्हणून तर गल्लीतलं प्रत्येक पोर
त्याच्यात आपला बाप बघायचं.

उसनं यंत्र, स्वयंपाकघरातलं टेबल,
कळफलकाशेजारी बटाट्यांची सालं.
तेव्हा खेळ रेडिओवर लागायचे. हो, लागायचे.
निवेदक म्हणायचा, टेप सज्ज ठेवा,
आणि मग पाच मिनिटं नुसती किरकिर,
पत्र्यावरून कुणी खिळा ओढतंय जणू.
वरच्या मजल्यावरच्या गेरत्रूदाबाई भिंत ठोकायच्या,
रेडिओ बिघडलाय तुमचा!
आम्ही श्वास रोखून तो बिघाड कॅसेटवर उतरवून घ्यायचो.
माझा खेळही असाच गेला, हवेतून.
कुणाच्या घरात उतरला, कळलं नाही.

तुम्ही विचारता, लोकांनी काय अपेक्षा ठेवावी?
मला काय ठाऊक.
त्यांना परत हवं असतं आपलं बारावं वर्ष,
शाळेचे ओले बूट, आईने तीनदा मारलेली हाक.
ते तुमच्या डब्यात मावायचं नाही,
कितीही मोठा डबा काढा.

पण विचारलंच आहे, तर
दिवा विझू द्या.
मध्येच थांबून उद्या तिथूनच पुढे जायची सोय
करणार म्हणता, खुशाल करा.
दिवा मात्र विझू द्या.

आणि लिफ्टच्या डावीकडे दोनदा उडी मारली
की माणूस जमिनीतून आरपार
थेट दुसऱ्या पातळीवर पडतो, ती माझी चूक.
एक वजाबाकी उलटी लिहिली होती.
पोरांनी तिचं नाव ठेवलं झिगाची वाट.
कोण हा झिगा, मला आजतागायत माहीत नाही.
त्याची वाट बुजवू नका.

राहिलं सातव्या पातळीवरचं दार.
रादोमचा एक गृहस्थ मध्यरात्री फोन करून म्हणाला,
बाई, आता तरी सांगा, ते उघडतं कसं?
शोधा अजून, म्हटलं मी.
खोटं बोलले.
दार काढलं तेव्हा यंत्रात अकरा बाइट उरले होते.
अकरा बाइटांत तुमचं नाव-आडनावही मावलं नसतं,
तिथे दारामागची खोली कुठून आणू?

बाबा रात्रपाळीहून सकाळी सहाला यायचे,
पापण्यांच्या कडेला काळी रेघ तशीच.
मी विचारायचे, खाली काय असतं?
ते पाव कापत म्हणायचे,
खाली? खाली वर यायचा रस्ता असतो.
पुढे बोलायचे नाहीत.
आता ती खाण बंद आहे, पाणी भरलंय तिच्यात.

दार उघडू नका, असं लिहून पत्र संपवणार होते.
पण काल रात्री झोप लागेना
म्हणून तुमचं चित्र पुन्हा दिव्याखाली धरलं.
दाढी सोडा. पाठ बघितली.
बाक तोच आहे. उजवा खांदा किंचित खाली.
हे चौसष्ट ठिपक्यांत नव्हतं, ओलिव्हियेर,
हे मी कधी काढलंच नव्हतं.
कुठून मिळालं तुम्हाला?

उघडा, वाटलं तर.
आधी मला दाखवा.

तुमची,
लुदमिवा कोतार्बा

ता. क. मानधनाबद्दल पत्रात अवाक्षर नाही.
विसरलात, की हात राखून लिहिलंत?