कानामागून

यंत्राने नाव दिलं: हिम्युलोनी.
छापील कागद, खात्री चौऱ्याण्णव टक्के,
खाली माझ्या सहीची जागा.
मी सही केली नाही.

कारण विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.
एवढंच की सात नंबर खाटेची बाटली
तिसऱ्यांदा वाजली होती,
आणि चार दिवस फ्लुकोनॅझोल चालू असून
ताप रोज चारच्या ठोक्याला चढत होता,
अंबाजोगाईच्या स्टँडवर एकही गाडी येत नाही
इतका वेळेवर.

खाट सात. मुंजाजी दुधाटे, वय एकोणसाठ.
परळीच्या औष्णिक केंद्रात तीस वर्षं राख उपसली.
आता मानेत नळी, दिवसाआड डायलिसिस.

काचपट्टीवर जांभळ्या पेशी,
काही जोडीने, काही एकट्या,
सुपात मागे राहिलेल्या कणीसारख्या.
सिरममध्ये तीन तास ठेवल्या.
एकीलाही कोंब फुटला नाही.
ओळखीतली असती तर फुटला असता.

मग एक प्लेट बेचाळीस अंशांवर ठेवली.
यंत्र म्हणत होतं त्या बुरशीला
एवढं ऊन सोसत नाही.

बाहेरही बेचाळीसच होते.
डांबर चपलेला धरून ठेवत होतं,
पाण्याच्या टाकीखाली कुत्री निपचित.
दुसऱ्या दिवशी दार उघडलं
तर प्लेटभर सायीचे ठिपके.
आमच्याच हवेत रुळलेलं कुणीतरी.

ऑरिस. म्हणजे कान.
दूर जपानात एका म्हातारीच्या कानात
पहिल्यांदा सापडली, म्हणून.
मी म्हटलं, आपल्याकडे म्हण आहेच की,
कानामागून आली अन् तिखट झाली.
डॉक्टर तरन्नुम हसल्या नाहीत.
त्या फोनवर होत्या, लातूरच्या दुकानाशी.

पुण्याहून शिक्कामोर्तब यायला नऊ दिवस.
रक्त नऊ दिवस थांबत नाही.
मानेतली नळी त्याच संध्याकाळी काढली.
कॅस्पोफंगिन आमच्या भांडारात नव्हतं;
मुंजाजींचा धाकटा मोटरसायकलवर गेला,
दुधाच्या किटलीत बर्फ, बर्फात कुपी,
रात्री साडेअकराला परत,
भुवयांवर धूळ, किटली पोटाशी.

आणि आम्ही बोळे घेऊन निघालो.
सहा नंबरची काख. आठ नंबरची जांघ.
दोघांनाही ताप नाही, तक्रार नाही,
तरी ती तिथे होती, मुक्कामाला.
पडद्याच्या काठावर. रक्तदाबाच्या पट्ट्यात.
फायलींना दोरीने बांधलेल्या पेनावर,
ज्या पेनाने आम्ही सगळ्यांनी लिहिलं होतं
हात धुतले, हात धुतले, हात धुतले.

फिनेलने मरत नाही ही,
क्लोरीन लागेल, दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं,
असं गयाबाईंना सांगितलं.
त्या बादली खाली ठेवून म्हणाल्या,
"मंग वीस वर्सं म्या काय पुसलं?"

अजून सुचलेलं नाही उत्तर.

अकराव्या दिवशी बाटली गप्प राहिली.
तेराव्या दिवशीही.
मी दोनदा वायर तपासली,
बंद तर पडलं नाही ना यंत्र.
पुण्याचं पत्र त्यानंतर आलं;
ज्या ओळीवर मी सही केली नव्हती
तिच्यावर तांबडी रेघ मारून खरं नाव लिहिलं.

मुंजाजी घरी निघाले तेव्हा
रक्त स्वच्छ होतं, काख नव्हती.
फायलीवर तशी चिठ्ठी लावली,
पुढच्या दवाखान्याला कळावं म्हणून.
त्यांनी चिठ्ठीकडे पाहिलं, वाचली नाही.
"नातीला घेऊ का उचलून?
दीड महिना झाला, बाई."

पुस्तकात याचं सरळ उत्तर नाही.
म्हटलं, घ्या.
साबणाने हात धुवा, कोपरापर्यंत, मग घ्या.

त्यांनी तिथेच, वॉर्डच्या बेसिनवर,
अस्तन्या मागे सारल्या
आणि धुवायला सुरुवात केली,
नात परळीत असताना.