बंद पानं

ब्रनोच्या ट्रामथांब्यामागे, तळघरातलं दुकान.
ओताकरने आधी प्रकरणं मोजली:
बावीस.
घरच्या नव्या पुस्तकात सतराच.

त्यात शेळी पुलावर चढते
आणि पान उलटताच वसंत येतो.
लेक रोज विचारते, मग शेळी कुठंय?

इथे पूल मोडतो.
गिरणीवाला कंदील घेऊन रात्रभर नदीकाठाने हाका मारतो,
आणि पुढची पानं जोडलेलीच,
छापखान्यातून आली तशी दुमडीत बंद.
नव्वद वर्षांत इथवर कुणी पोचलंच नाही.

बोहुमिलाबाईंनी पावावरचं लोणी पुसून
सुरी पुढे केली. "हळू हं, कागद ठिसूळ आहे."
"नको," तो म्हणाला, "बांधून द्या."

रात्री लेकीच्या मुठीत सुरी,
मुठीवर त्याचा हात.
शेळीचं काय झालं
त्यालाही ठाऊक नाही.