फ्रिजमधला हिवाळा

रुवीत, दुसऱ्या मजल्यावर,
मोरंब्याच्या बरणीमागे
स्नोड्रॉपचे सात कांदे झोपवलेत.
डब्यावर तेंडोलकरांचं जुनं अक्षर :
"लसूण नव्हे. विषारी."

बाहेर ऑक्टोबर, सदतीस अंश.

चाळीस वर्षं फार्मसीत गेली त्यांची.
असल्याच कांद्यातून प्रथम निघालेलं औषध
आता मी देते त्यांना, रात्री, जेवणानंतर.
नाव विचारतात. सांगते, दर्शना.
पाणी पिऊन होईतो
पुन्हा विचारतात.

जानेवारीअखेर एकच उगवलं,
एसीच्या झोतात, मान खाली घालून.
त्यांनी नखानं पाकळी उचलली,
आतला हिरवा डाग बघितला.
"तीन बाहेर, तीन आत."
अगदी बरोबर.
मग माझ्याकडे वळून म्हणाले,
"मालू, एसी वाढव गं जरा.
ह्याला उकडतंय."

वाढवला.