अर्धा तास

नंदी हिल्समधलं शाळेचं मैदान. तांबडी माती,
राखेनं आखलेल्या सहा पट्ट्या,
पलीकडे चहाचे मळे उतरत गेलेले, सरोवराच्या दिशेनं;
आणि दर दुपारी तिकडून जे वर चढतं
ते आजही चढलं. दोन वाजून दहा मिनिटं.

पाच हजार मीटर म्हणजे साडेबारा फेऱ्या.
नववीत जेरोब पुढे होती, अनवाणी,
मागची मुलगी अर्धं वळण लांब.
माझ्या मुठीतलं घड्याळ म्हणत होतं,
ही पोरगी आज नैरोबी गाठणार.
मी तसा भूगोलाचा मास्तर. वेळ मोजायचं काम
माझ्याकडे आलं, कारण माझा हात थरथरत नाही.

वीज चमकली. लेलेई सरांचे ओठ हलू लागले.
मला वाटलं, प्रार्थना.
अठराव्या आकड्याला आभाळ बोललं.
"सहा किलोमीटर," ते म्हणाले
आणि शिट्टी तोंडात धरली.

सर, तीनच फेऱ्या राहिल्यात,
डोक्यावर ऊन आहे अजून,
गर्जेल तो पडेल काय,
असं बरंच मी म्हणणार होतो.
शिट्टी वाजून गेली होती.

जेरोब थांबली नाही.
मग साठीचे लेलेई सर, पायात गमबूट,
तिच्या बाजूनं पाऊण फेरी धावले
आणि दंडाला धरून तिला बसपर्यंत घेऊन आले.
येता येता ओरडत होते:
निलगिरीखालून निघा! मांडवातून निघा!
भाले राहू देत तिथेच, गोलपोस्टला टेकू नका,
बसमध्ये, सगळे, काचा वर,
दांड्यांना हात लावायचा नाही कुणी!

बावन्न पोरं एका बसमध्ये.
घामाचा, ओल्या लोकरीचा वास,
कुणाच्या तरी भोपळ्यातल्या आंबट दुधाचा.
बाहेर गारा. टपावर कुणी मका ओतत असावं तशा.

नियम साधा आहे.
शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास.
तेविसाव्या मिनिटाला, लांब मळ्यांपल्याड,
रिकामं पिंप लोटल्यासारखा आवाज.
"पुन्हा पहिल्यापासून," सर म्हणाले.
एकोणिसाव्या मिनिटाला पुन्हा.
"पुन्हा."
एल्डोरेटहून आलेले पंच जांभई देत म्हणाले,
एवढं भ्यायचं तर छत असलेला खेळ शिकवावा.
सरांनी काचेवरची वाफ बाहीनं पुसली.
जेरोब दुसऱ्या काचेतून बघत होती,
मान इतकी ताठ की दुखत असणार.

पंच झोपल्यावर ड्रायव्हर वांजालानं मला हळूच सांगितलं:
अकरा वर्षांपूर्वी, असाच सामना, दहा मिनिटं उरलेली,
एका गोलवर ऊन होतं, दुसऱ्यावर सावली.
सावलीतला गोली चौदा वर्षांचा.
त्या दिवशीही शिट्टी सरांच्या तोंडातच होती.
वाजवायची म्हणून धरलेली.
वांजालानं आरसा उगाच नीट केला
आणि पुढचं सांगितलं नाही.

चार वाजून गेल्यावर दार उघडलं.
राखेच्या पट्ट्या उताराकडे वाहून गेलेल्या,
पहिल्या लेनमध्ये घोट्याएवढं पाणी.
पंचांनी ओल्या कागदावर "रद्द" लिहिलं, शाई पसरली.
तेव्हा कुठे मला मूठ आठवली.
घड्याळ चालूच होतं. जेरोबच्या नावावर
दोन तास तीन मिनिटं आणि वर काही सेकंद.
बंद करायला अंगठा उचलला, तर तो थरथरत होता.

जेरोब पाण्यातून मैदानभर फिरली.
गोलपोस्टला हात लावून पाहिला, दोन्ही.
निलगिरीची झाडं मोजली.
भाले उचलून आणले, एकेक टोक तपासलं.
मग सरांसमोर येऊन उभी राहिली.
"काहीच नाही पडलं," ती म्हणाली. "कुठेच नाही."

"हो," सर म्हणाले, "नाही पडलं,"
आणि बसच्या पायरीवर बसून
डाव्या बुटातलं पाणी ओतलं,
मग उजव्या.