टिकली

शुक्रवार पेठेत, तालमीच्या वरच्या मजल्यावर
एकच पिवळा दिवा, तोही बाईंच्या मागं.
कॅमेरा तपकिरीच्या डबीएवढा.
फोकसचा लाल ठिपका झाकायला
बायकोची टिकली चिकटवलीय.
स्क्रीन बंद. नेम अंदाजानं.

पाठ खांबाला, कोपर गुडघ्यावर,
श्वास अर्धा सोडून थांबायचं
आणि दाबायचं समेवरच,
बशीरभाईंच्या 'धा'खाली
माझी 'टिक' बुडून जाते.

एकदा चुकलो. नेमकं खालीला दाबलं.
पुढं बसलेले सरनाईक मास्तर
मान न वळवता खाकरले.
त्यानंतर चार आवर्तनं
हात मांडीखालीच.

पहाटे गंगावेशीत, दुधाच्या कट्ट्यावर
एकेक फोटो दाखवत गेलो.
बाईंचा चेहरा काळोखात,
कानातली कुडी तेवढी लख्ख.
तंबोऱ्याला तारा नाहीत, नुसतं धुकं.

बशीरभाईंनी मिशीवरचा फेस पुसला.
"आणि माझा हात रं? कुठं गेला?"
मनगटाच्या पुढं खरंच काही नव्हतं.
पेला गार होईस्तोवर बघत बसले.
मग म्हणाले,
"ऱ्हाऊ दे. ह्यो पुसू नको.
द्रुत हितनंच सुरू झाली हुती."