दोऱ्याचं माप

रविवारी गणपत गल्लीत गेलो, चौघं.
माझ्या पर्समध्ये मोठ्या पातेल्याचा घेर
फुलपुडीच्या दोऱ्यात मोजलेला,
पुढे दोन गाठींमधे उंची, झाकणासकट.

दुकानदार लिटरमध्ये बोलायचा.
वीस, अठ्ठावीस, बत्तीस.
सासूबाई म्हणाल्या, "लिटर दुधाला असतंय.
हेच्यात माणसं किती बसत्यात ते सांग की."
मामंजी बोटं मोजत दहावर थांबले.
"परशराम धरायचा काय? त्याचं ताट रात्री एकला."
उद्यमबागेत सेकंड शिफ्ट, फौंड्री.
ते ताट एक वाजता कोण गरम करतं
हे कुणी मोजलं नाही.

मी दार उघडून काचेच्या थाळीवर दोरा गोल ठेवला.
दोन बोटं जागा उरली.
"बसतंय," मी म्हणाले, जरा मोठ्यानंच.
"पातेलं कशाचं?"
"स्टीलचं."
तो हसला. "स्टील बेडा, अक्का."

आख्खी मांडणी डोळ्यांपुढून गेली:
वास्तुशांतीचे डबे, बारशाच्या वाट्या,
प्रत्येकाच्या पोटाशी कोरलेलं कुणाचं तरी नाव.
एकही आत जाणार नव्हतं.
दोरा परत गुंडाळला. कशाला, माहीत नाही.

तरी बत्तीसच घेतलं. वर काचेचे तीन वाडगे.
पुस्तकात मराठी नव्हतं.
गोकाकची सावंत्री, माझी जाऊ, कानडीतलं वाचून
मराठीत सांगत गेली. एका जागी अडली,
मग म्हणाली, "इथं नुसतं गरम वारं सुटतंय म्हणे."

दहा जणांची आमटी अजून गॅसवरच होते.
सासूबाई त्यावर कापड घालून ठेवतात,
पाहुणे आले की काढतात.

रात्री मी आता उठत नाही.
म्हणजे जागी होते, एकला, सवयीनं.
गेटची कडी. गाडी स्टँडवर. बूट.
मग ती घरघर, जात्यासारखी,
पण पीठ न पडणारी.
एवढ्या मोठ्या पोटात एक वाडगा फिरत असतो.
आता वाजेल, पोरं उठतील, म्हणून मी ताटकळते.
वाजत नाही.

सकाळी दूध तापवायला जाते
तर काचेवर हिरव्या आकड्यांत
एक सेकंद शिल्लक.
रोज.
सावंत्री म्हणते, "बिघडलंय काय की. गॅरंटीत हाय, देऊन येऊया."
मी ओट्यावरचं पुसत राहते.
असू दे, म्हणते. चालतंय.